पहिलं वेब सर्व्हर ॲप: सुरुवात करणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दर रविवारी नाशिकला गंगापूर रोडवर मित्राच्या ऑफिसात आम्ही सात-आठ जण बसतो, बहुतेक इंजिनिअरिंगची पोरं-पोरी, एक जण निफाडहून एसटीने येतो, आणि एक ताई आहेत ज्या शाळेत शिकवतात आणि हौसेने हे शिकतायत. दर वेळी तेच प्रश्न येतात म्हणून एकदाचं सगळं लिहून काढलं. उदाहरण सगळीकडे एकच घेतलंय, माझ्या मामाच्या द्राक्षबागेसाठी केलेलं छोटं ॲप, कारण खऱ्या वापराचं काहीतरी हातात असलं की शंका पण खऱ्या येतात. कमांड फोनवर सांगतो तशा उच्चारात लिहिल्यात, टाईप करताना अर्थातच इंग्रजीत करायच्या.

वेब सर्व्हर म्हणजे नक्की काय, मशीन का प्रोग्राम?

दोघांनाही सर्व्हरच म्हणतात आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो. सध्या प्रोग्राम एवढंच धरा. कॉलेजात आपण जे प्रोग्राम लिहितो ते चालतात, उत्तर छापतात आणि संपतात. सर्व्हर चालू झाला की संपत नाही, तो बसून राहतो, ब्राउझरने काही मागितलं की देतो आणि परत वाट बघत बसतो. म्हणून पहिल्यांदा चालवल्यावर टर्मिनल (कमांड टाईप करायची खिडकी) अडकल्यासारखं दिसतं, नवीन ओळ येत नाही, आणि निम्मी पोरं हँग झालं समजून कंट्रोल सी दाबून तो बंद करून टाकतात, मग ब्राउझरमध्ये पेज उघडत नाही म्हणून विचारतात. ते हँग झालेलं नसतं. ती खिडकी तशीच उघडी ठेवायची आणि दुसरं काम दुसऱ्या खिडकीत करायचं.

माझा लॅपटॉप जुना आहे, चार जीबी रॅम आहे, चालेल का?

आरामात. जगातला पहिला वेब सर्व्हर टिम बर्नर्स-ली यांनी १९९० मध्ये जिनिव्हाजवळ सर्न या संस्थेत नेक्स्ट नावाच्या कंपनीच्या कॉम्प्युटरवर चालवला होता आणि कोणी चुकून बंद करू नये म्हणून त्यावर लाल शाईने चिठ्ठी लावली होती की हे मशीन सर्व्हर आहे, बंद करू नका. त्या मशीनपेक्षा तुमच्या खिशातला मोबाईल कितीतरी पटीने ताकदवान आहे. अडचण रॅमची येते ती ब्राउझरच्या चाळीस टॅब उघड्या असतात म्हणून, सर्व्हरमुळे नाही.

भाषा कुठली घेऊ? पायथन, नोड, पीएचपी, जावा, गो?

जी थोडीफार येते ती. खरंच. ब्राउझरला पलीकडे कुठली भाषा आहे याचा पत्ताच नसतो, त्याला फक्त एचटीटीपीमध्ये (ब्राउझर आणि सर्व्हर ज्या ठरलेल्या पद्धतीने बोलतात ती) नीट उत्तर पाहिजे असतं, त्यामुळे एका भाषेत शिकलेलं ऐंशी टक्के दुसरीकडे तसंच लागू पडतं. मी इथे पायथन आणि फ्लास्क (पायथनमध्ये वेब ॲप लिहायची तयार लायब्ररी) घेतलंय, कारण आमच्याकडच्या बहुतेकांना कॉलेजात पायथन झालेलं असतं आणि फ्लास्कमध्ये पहिलं पेज दहा ओळींच्या आत दिसतं. जॅंगो ही पायथनचीच दुसरी लायब्ररी पण चांगलीय पण ते पहिल्याच दिवशी इतक्या फाईली बनवून देतं की कशासाठी काय आहे तेच कळत नाही. एक मात्र सांगतो, एक घेतलं की किमान दोन महिने तेच धरा, दर आठवड्याला नवीन व्हिडिओ बघून भाषा बदलणारी पोरं वर्षभराने पण पहिल्याच पेजवर असतात आणि हे बघून मला मनापासून वाईट वाटतं कारण ती हुशार असतात.

काहीच कोड न लिहिता सर्व्हर चालू करून बघता येतो का?

हो, आणि सगळ्यात आधी हेच करा. पायथन टाकलेलं असेल तर एक रिकामं फोल्डर बनवा, त्यात इंडेक्स डॉट एचटीएमएल नावाची फाईल ठेवा, दोन ओळी लिहा, मग त्याच फोल्डरमध्ये टर्मिनल उघडून पायथन, स्पेस, डॅश एम, स्पेस, एचटीटीपी डॉट सर्व्हर. एवढंच. आता ब्राउझरमध्ये लोकलहोस्ट, कोलन, ८००० टाका.

पेज दिसलं की लगेच पुढे पळू नका, टर्मिनलकडे बघा. तिथे एक ओळ आली असेल, कोणी मागितलं (१२७.०.०.१ म्हणजे तुम्हीच), कधी, काय मागितलं आणि शेवटी २००, म्हणजे दिलं. त्याच्याखाली बहुतेक अजून एक ओळ असेल, फेव्हिकॉन मागितला आणि ४०४. तो तुम्ही नाही मागितला, टॅबवर छोटं चित्र लावायला ब्राउझर स्वतःहून मागतो. ही एक ओळ समजली की वेब म्हणजे काय ते निम्मं समजलं, मागणी आणि उत्तर, बाकी सगळा संसार त्याच्यावर उभा आहे.

मराठी लिहिलं तर पेजवर चित्रविचित्र अक्षरं येतात, फॉन्ट टाकायचा का?

फॉन्टचा संबंध नाही. प्रत्येक देवनागरी अक्षर आणि प्रत्येक मात्रा यूटीएफ-८ मध्ये (अक्षरं बाईटमध्ये साठवायची पद्धत) तीन बाईट घेते. ब्राउझरला कोणी सांगितलंच नाही की हे यूटीएफ-८ आहे तर तो कधीकधी प्रत्येक बाईट म्हणजे एक युरोपियन अक्षर असं धरतो, मग एका न च्या जागी तीन तीन चिन्हं दिसतात. वरच्या रेडीमेड सर्व्हरमध्ये हे हमखास होतं कारण तो एचटीएमएल फाईल देताना कॅरसेट, म्हणजे अक्षरं कुठल्या पद्धतीत आहेत ते, सांगत नाही. पेजच्या हेडमध्ये पहिलीच ओळ मेटा कॅरसेट यूटीएफ-८ टाका, फाईल एडिटरमधून यूटीएफ-८ मध्येच सेव्ह केलीये ना ते बघा, झालं काम. फ्लास्क हे आपोआप सांगतं.

याच्याच पोटातली दुसरी गंमत एकदा निफाडच्या पोराला आली होती आणि ती मला फार आवडते. त्याने सर्व्हर स्वतः हाताने लिहिला, उत्तरात नुसतं नाशिक पाठवलं आणि हेडरमध्ये (उत्तराच्या आधी जाणारी माहिती) कंटेंट-लेंग्थ म्हणून त्या शब्दाची लांबी टाकली. पायथनने लांबी सांगितली ५. न, काना, श, वेलांटी, क, बरोबरच आहे पाच. पण कंटेंट-लेंग्थ बाईटमध्ये मोजतात, आणि ते होतात १५. ब्राउझरने पाच बाईट वाचले आणि थांबला, म्हणजे न पूर्ण आला आणि काना अर्धवट. स्क्रीनवर न आणि पुढे एक प्रश्नचिन्हाचा चौकोन. इंग्रजीत नाशिक लिहिलं की मात्र सगळं नीट, कारण तिथे एक अक्षर एक बाईट. परदेशातली ट्यूटोरियल बघून शिकताना ही चूक कधी समोरच येत नाही, आपल्याला ती पहिल्या दिवशी येते. उपाय सोपा, आधी मजकूर एन्कोड करायचा आणि मग त्या बाईटची लांबी मोजायची.

ठीक आहे, आता खरं ॲप. कुठलं बनवू?

घरातल्या कोणाला तरी लागणारं. टू-डू लिस्ट नका बनवू, ती तुम्ही स्वतः पण वापरणार नाही.

आमचं असं झालं की मामाचे पिंपळगावकडे तीन प्लॉट आहेत, तिन्हींची गोडी छाटणी (फळांसाठी करतात ती) वेगवेगळ्या तारखेला. द्राक्षात सगळा हिशोब छाटणीपासून कितवा दिवस यावर चालतो, फवारणी, जीएचा (जिबरेलिक ॲसिड) डोस, सगळं. मामा कॅलेंडरवर बोटं ठेवून मोजायचा. म्हणून ॲप एवढंच, छाटणीची तारीख द्या, आज कितवा दिवस ते सांगतो.

फ्लास्कमध्ये याला दोन रस्ते लागतात, त्याला राउट म्हणतात. पहिला नुसता स्लॅश, तो एक फॉर्म दाखवतो, त्यात तारखेचा रकाना आणि बटण. दुसरा स्लॅश दिवस, तो आलेली तारीख घेतो, आजच्या तारखेतून वजा करतो आणि आकडा परत पाठवतो. प्रत्येक राउटच्या खाली एक फंक्शन, फंक्शन जे रिटर्न करेल ते ब्राउझरला जातं. पंधरा ओळींत होतं. आणि यात कोडिंगचा सगळ्यात अवघड प्रश्न कोडिंगचा नव्हताच, छाटणी केली तो दिवस शून्य धरायचा का एक, हे मामाला फोन करून विचारावं लागलं.

सुरू करायच्या आधी व्हर्च्युअल एनव्हायर्नमेंट (या प्रोजेक्टच्या लायब्ररींची वेगळी जागा) मात्र बनवा, पायथन डॅश एम व्हीएनव्ही आणि पुढे फोल्डरचं नाव. हे का ते आत्ता कळणार नाही, सहा महिन्यांनी दोन प्रोजेक्टला फ्लास्कच्या दोन वेगळ्या आवृत्त्या लागतील तेव्हा कळेल.

एआयकडून कोड लिहून घेतला तर चालेल का?

चालेल, मी पण घेतो. फक्त माझ्याकडे आणलात तर मी एका ओळीवर बोट ठेवून विचारणार की ही काढली तर काय होईल. सांगता आलं तर तो कोड तुमचा.

ॲड्रेस ऑलरेडी इन यूज असा एरर येतो, काय करू?

पोर्ट समजून घ्या म्हणजे हा एरर कायमचा सुटेल. पंचवटीतल्या मार्केट यार्डाचा पत्ता एकच आहे, पण आत गाळे वेगवेगळे, माल कुठल्या गाळ्यावर उतरवायचा ते नंबर सांगतो. मशीनचा आयपी म्हणजे यार्ड आणि पोर्ट म्हणजे गाळा, आणि एका गाळ्यावर एका वेळी एकच व्यापारी. गाळे आहेत ६५५३५ पर्यंत, त्यातला ८० हा एचटीटीपीचा, ४४३ एचटीटीपीएसचा, आणि लिनक्सवर १०२४ च्या खालचे सहजासहजी मिळत नाहीत, म्हणून सरावाला आपण ५०००, ८००० असले घेतो.

एरर येतो म्हणजे त्या गाळ्यावर आधीच कोणीतरी बसलंय, आणि दहातल्या नऊ वेळा ते तुमचंच मघाचं ॲप असतं जे मागच्या टर्मिनलमध्ये अजून चालू आहे. शोधा, कंट्रोल सी करा. सापडलंच नाही तर विंडोजवर नेटस्टॅट डॅश एएनओ करून त्या पोर्टसमोरचा प्रोसेस नंबर बघा आणि टास्क मॅनेजरमधून बंद करा. मॅक वापरणाऱ्यांसाठी एक खास गोष्ट, मॅकओएस मॉन्टेरेपासून पुढे ५००० पोर्ट एअरप्ले रिसिव्हर धरून बसतो, तुमची काही चूक नसते, ५००१ वापरा.

लॅपटॉपवर चालतंय, पण मोबाईलवर लोकलहोस्ट टाकलं तर उघडत नाही

लोकलहोस्ट म्हणजे मी स्वतः. मोबाईलवर टाकलं की मोबाईल स्वतःकडेच शोधतो, तिथे कुठे आहे तुमचं ॲप. तीन गोष्टी ओळीने करा. ॲप चालवताना होस्ट ०.०.०.० द्या, नाहीतर ते फक्त १२७.०.०.१ वर म्हणजे घरातल्या घरात ऐकतं, बाहेरून हाक मारली तर त्याला ऐकूच येत नाही. मग विंडोजवर आयपीकॉन्फिग करून लॅपटॉपचा आयपी बघा, १९२.१६८ ने सुरू होणारा असेल बहुतेक, मोबाईलवर तो आयपी, कोलन, ५००० टाका, दोघं एकाच वायफायवर पाहिजेत. तरी नाही उघडलं तर फायरवॉल, पहिल्यांदा चालवताना विंडोज परवानगी विचारतं तेव्हा घाईत कॅन्सल दाबलेलं असतं.

हॉस्टेल किंवा कॉलेजच्या वायफायवर हे सगळं करून पण उघडत नाही असं होतं, कारण तिथे एका डिव्हाईसला दुसरं डिव्हाईस दिसू नये अशी सेटिंग केलेली असते. तिथे डोकं आपटत बसू नका, मोबाईलचा हॉटस्पॉट लावा आणि लॅपटॉप त्याला जोडा.

४०४ आणि ५०० मध्ये फरक काय?

४०४ म्हणजे सर्व्हर चालू आहे पण हा रस्ता मला माहीत नाही, स्पेलिंग बघा. ५०० म्हणजे रस्ता सापडला पण तुमचा कोड मध्येच फुटला. ५०२ दिसला तर पुढचा दरवान, म्हणजे ॲपच्या पुढे बसून मागण्या घेणारा एनजिनएक्ससारखा सर्व्हर, जागा आहे पण मागचं ॲप मेलंय. आणि ब्राउझर नुसतंच कनेक्ट होता येत नाही म्हणत असेल, कुठलाच नंबर नसेल, तर सर्व्हरपर्यंत पोचलातच नाही.

आमच्या ॲपला पहिला ५०० मामानेच काढून दिला, तारीख न टाकताच बटण दाबलं. रिकामी ओळ तारखेत बदलायला गेलं आणि पायथन ओरडलं. फॉर्ममध्ये रिक्वायर्ड लिहिलं की ब्राउझर अडवतो, पण लिंकमध्येच कोणी तारखेच्या जागी अबक टाकलं तर? सर्व्हरवर तपासणी लागतेच, बाहेरून आलेल्या कुठल्याही गोष्टीवर विश्वास ठेवायचा नाही. आणि एरर आला की ट्रेसबॅक (पायथन छापतं तो एररचा लांबलचक मजकूर) खालून वर वाचा. शेवटच्या ओळीत काय झालं ते असतं, तिच्या वर चढत चढत तुमच्या स्वतःच्या फाईलचं नाव आणि ओळ नंबर शोधा, तिथेच बघायचं. फोटो काढून मला पाठवता त्यात नेमकी शेवटची ओळ कापलेली असते, ती पाठवत जा.

गेट आणि पोस्ट, दोन्हीने चालतं मग फरक कशाला पाळायचा?

गेट म्हणजे फक्त बघायला मागणं, पोस्ट म्हणजे काहीतरी बदलणं. नंतर आम्ही ॲपमध्ये प्लॉट सेव्ह करायची सोय केली, आणि एका मुलीने तिच्या कॉपीमध्ये प्लॉट काढून टाकायला साधी लिंक ठेवली, स्लॅश डिलीट स्लॅश ३ अशी. चालत होतं व्यवस्थित. तिने ती लिंक बघ रे बरोबर आहे का म्हणून व्हॉट्सॲपवर मला पाठवायला घेतली, आणि पाठवायच्या आधीच प्लॉट गायब. का, तर लिंक टाईप केल्यावर वर जो छोटा प्रिव्ह्यू येतो त्यासाठी व्हॉट्सॲपने ती लिंक उघडून बघितली, आणि उघडणं म्हणजेच डिलीट. सर्च इंजिनचे बॉट पण दिसेल ती गेट लिंक उघडतात. म्हणून बदलणारं, काढणारं सगळं पोस्टमध्ये, आणि पोस्ट झालं की रीडायरेक्ट करून दुसऱ्या पेजवर न्या, नाहीतर रिफ्रेश दाबलं की तोच प्लॉट दोनदा सेव्ह होतो.

ॲप बंद करून चालू केलं की सेव्ह केलेलं सगळं जातं

लिस्टमध्ये ठेवलंत ना? ती मेमरी आहे, प्रोग्राम संपला की संपली. एसक्यूलाईट नावाचा छोटा डेटाबेस वापरा, पायथनमध्ये आधीपासूनच आहे, वेगळा सर्व्हर लागत नाही, सगळा डेटाबेस म्हणजे एक फाईल. क्वेरी (डेटाबेसला द्यायची आज्ञा) लिहिताना युजरने दिलेली किंमत स्ट्रिंगमध्ये चिकटवायची नाही, प्रश्नचिन्ह ठेवून वेगळी द्यायची, ही सवय पहिल्या क्वेरीपासून लावा कारण नंतर लागत नाही. आणि फ्री होस्टिंगवर बऱ्याच ठिकाणी नवीन कोड टाकला की जुन्या फाईली पुसल्या जातात, त्यात तुमची एसक्यूलाईटची फाईल पण आली. टाकायच्या आधी तेवढं एकच वाचून घ्या.

लॅपटॉप घरीच चालू ठेवून लोकांना लिंक दिली तर?

दोन दिवस दाखवायला ठीक आहे, एनग्रॉक किंवा क्लाउडफ्लेअर टनेल वापरा, तात्पुरती लिंक मिळते. कायमचं नको. घरच्या नेटला बऱ्याचदा स्वतःचा पब्लिक आयपी नसतोच, कंपनी एकाच आयपीमागे शेकडो घरं ठेवते, मग राउटरमध्ये कितीही पोर्ट फॉरवर्ड करा बाहेरून कोणी पोचत नाही. वरून मे महिन्यात लाईट जाते, लॅपटॉप झाकला की झोपतो.

मग कुठे ठेवू, खर्च किती?

शिकायला फ्री होस्टिंग पुरे. त्यात बऱ्याच ठिकाणी थोडा वेळ कोणी आलं नाही की ॲप झोपतं आणि पुढच्या माणसाला पहिलं पेज यायला अर्धा-पाऊण मिनिट लागतो, ते बिघडलेलं नसतं. रोज वापरात आलं की महिन्याला पाच डॉलरच्या आसपासचं छोटं लिनक्स मशीन घ्या, आणि घेताना मुंबई किंवा निदान भारतातलं ठिकाण निवडा. अमेरिकेतून जाऊन येऊन प्रत्येक मागणीला दोनशे मिलिसेकंदांच्या पुढे लागतात, नाशिकहून मुंबई त्यामानाने शेजारी.

फ्लास्क म्हणतं हा डेव्हलपमेंट सर्व्हर आहे, प्रॉडक्शनमध्ये (खऱ्या लोकांच्या वापरात) वापरू नका. पण चालतंय की

चालतं, आणि म्हणूनच लोक तसंच सोडून देतात, कृपा करून सोडू नका. तो सर्व्हर तुमच्या सोयीसाठी आहे, लोकांची गर्दी आणि वाईट माणसं सांभाळायला नाही. त्यातून डीबग मोड (चुका शोधायची सोय) चालू राहिला असेल तर एरर पेजवरच पायथन चालवायची खिडकी असते, एका पिनच्या भरवशावर. लिनक्सवर गनिकॉर्न लावा, तो खऱ्या वापरासाठी पायथन ॲप चालवणारा सर्व्हर आहे. गनिकॉर्न विंडोजवर चालत नाही, तिथे करून बघायचं असेल तर वेट्रेस आहे.

टर्मिनल बंद केलं की ॲप बंद पडतं हा पण प्रश्न इथेच सुटतो. सिस्टमडीची (लिनक्समध्ये प्रोग्राम चालू ठेवणारी सोय) एक छोटी सर्व्हिस फाईल लिहायची, त्यात काय चालवायचं आणि पडलं तर परत उठव एवढं सांगायचं, आणि एनेबल करायला विसरायचं नाही, नाहीतर मशीन रीस्टार्ट झालं की ॲप येत नाही आणि ते कळतं कोणीतरी फोन केल्यावर.

माझ्या लॅपटॉपवर बरोबर आणि होस्टिंगवर चुकीचं उत्तर, असं कसं होतं?

हा आमच्या ॲपमधला सगळ्यात मोठा धडा, म्हणून नीट सांगतो. ॲप ऑनलाईन गेलं, मामा खूश. चार दिवसांनी फोन, अरे भाच्या, हे पहाटे एक दिवस कमी सांगतं आणि चहा झाल्यावर बरोबर सांगतं. मी उघडलं तर बरोबर. दुसऱ्या दिवशी परत तेच. मी दहा वेळा वजाबाकी तपासली, मामा तारीख चुकीची टाकतो का बघितलं, काही नाही.

मग लॉग, म्हणजे आलेल्या मागण्यांची सर्व्हरने ठेवलेली नोंद, उघडला. मामाने पहाटे पाचला पेज बघितलं होतं आणि लॉगमध्ये वेळ होती आदल्या दिवशीची रात्री साडेअकरा. सर्व्हर बहुतेक सगळीकडे यूटीसी म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर चालतात आणि आपण त्याच्या साडेपाच तास पुढे. म्हणजे आपल्याकडे रात्री बारा ते पहाटे साडेपाच या वेळात सर्व्हरसाठी अजून कालचाच दिवस चालू असतो. मी पहाटे पाचला कधी उघडणार नव्हतो, फवारणीची तयारी करणारा माणूस तेव्हाच उघडतो. लॅपटॉपवर कधी दिसलं नसतं कारण लॅपटॉप भारतीय वेळेवर.

उपाय एका ओळीचा, आजची तारीख घेताना पायथनचं झोनइन्फो मॉड्यूल वापरून एशिया स्लॅश कोलकाता सांगायचं. पायथन ३.९ पासून ते आतच आहे, विंडोजवर टीझेडडेटा वेगळं टाकावं लागतं. सर्व्हरचं घड्याळ बदलू नका, तो सोपा रस्ता वाटतो पण मशीन बदललं की तीच चूक परत येते.

एचटीटीपीएस (कुलूपबंद एचटीटीपी) लागतंच का? साधंच तर ॲप आहे

लागतं. नाहीतर ब्राउझर नॉट सिक्युअर दाखवतो आणि घरचे लोक घाबरून वापरत नाहीत, पासवर्ड असेल तर तो उघडा जातो हे वेगळंच. लेट्स एन्क्रिप्ट २०१५ पासून फुकट सर्टिफिकेट देतं, ते ९० दिवसांचं असतं म्हणून आपोआप रिन्यू होईल असं लावा. कॅडी नावाचा सर्व्हर पुढे ठेवला तर तो हे सगळं स्वतः करतो, नवीन माणसाला मी आता एनजिनएक्सऐवजी तोच सांगतो.

ॲप टाकून तास नाही झाला आणि लॉगमध्ये कुठल्याकुठल्या मागण्या येतायत, हॅक झालं का?

नाही. डब्ल्यूपी-लॉगिन, डॉट ईएनव्ही असलं काहीबाही मागतायत ना? ते बॉट आहेत, इंटरनेटवरचा प्रत्येक आयपी दिवसरात्र ठोठावत फिरतात. तुमचं ॲप ४०४ देतंय तोवर निवांत राहा. पण ते डॉट ईएनव्ही का मागतात ते लक्षात घ्या, त्यात लोक पासवर्ड आणि कीज ठेवतात. तुम्ही कोड गिटमध्ये ठेवत असाल तर ती फाईल गिटइग्नोरमध्ये (गिटने कुठल्या फाईली घ्यायच्या नाहीत त्याची यादी) पहिल्या कमिटच्या, म्हणजे पहिल्या नोंदीच्या, आधी टाका. एकदा गिटहबवर गेली तर नंतर डिलीट करून उपयोग नाही, जुन्या कमिटमध्ये ती राहतेच, तेव्हा ती की रद्द करून नवीन घेणं एवढाच मार्ग.

२०२७ च्या कुंभमेळ्यासाठी पार्किंग आणि घाटांची माहिती देणारं पेज करायचंय, गर्दी झाली तर पडेल का?

कल्पना चांगली आहे, करा. २०१५ च्या सिंहस्थात बाहेरगावचे पाहुणे मला दिवसभर फोन करून विचारत होते की द्वारका चौकातून आत सोडतायत का.

पडेल का हे अंदाजाने ठरवू नका, मोजा. अपाचे बेंच (कमांड ए-बी) किंवा “हे” (एच-ई-वाय) नावाचं छोटं टूल आहे, एका कमांडमध्ये हजार मागण्या पाठवून किती वेळ लागला सांगतं, फक्त स्वतःच्याच सर्व्हरवर चालवा. गनिकॉर्नमध्ये वर्कर (मागण्या सांभाळणाऱ्या ॲपच्या प्रती) किती ठेवायचे याला त्यांचाच अंदाज आहे, प्रोसेसरच्या कोअरच्या दुप्पट अधिक १, तिथून सुरुवात करा. तरी बहुतेक वेळा वर्कर कमी पडत नाहीत, प्रत्येक मागणीला तुम्ही डेटाबेसमध्ये तेच तेच शोधताय किंवा तिसऱ्याच कुठल्या साईटला विचारताय आणि ती हळू उत्तर देते, सगळे वर्कर तिच्या वाटेकडे डोळे लावून बसतात.

तुमच्या बाबतीत तर घाटांची माहिती सगळ्यांना एकच दाखवायचीये. मग प्रत्येकासाठी नव्याने बनवताय कशाला? दर पाच मिनिटांनी एक साधी एचटीएमएल फाईल तयार करून ठेवा आणि तीच वाटा, अगदी छोटं मशीन पण अशा फाईली सेकंदाला शेकड्यांनी देतं. पेज हलकं ठेवा, मोठे फोटो नकोत, रामकुंडाजवळ पर्वणीला मोबाईलचं नेट रांगतं तेव्हा दोन एमबीचं पेज कोणाला उघडणार नाही आणि वीस केबीचं उघडेल. वर शेवटचं अपडेट किती वाजता झालं ती वेळ ठळक लिहा, आणि ती लिहिताना झोन एशिया कोलकाताच घ्या.